टेपचं दुमडलेलं टोक

सुरतच्या आमच्या खानदेशी मंडळींत माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. हा माणूस असा, की सख्ख्या मेहुण्याची चोरी सापडली तेव्हाही त्यानं नातं पाहिलं नाही, शेठसमोर खरं तेच बोलला. गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हीच गोष्ट माइकवरून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ छातीशी धरून उभा होतो.

त्या गोष्टीतला मेहुणा चोर नव्हता. हे मला त्याच दिवशी, त्याच घटकेला माहीत होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात आखडला तरी मुख्य गोष्ट कागदावर राहील.

पर्वत पाटियाजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. धुळ्याकडून आलो तेव्हा मला स्क्रूड्रायव्हर धरता येत नव्हता. जे शिकलो ते एका उस्तादाकडे. त्यांचा एक नियम होता. वायरीवर काळी टेप गुंडाळली की शेवटचं टोक बोटभर आत दुमडायचं. म्हणजे पुढे कोणाला ती उघडायची झाली तर नखानं धरायला जागा राहते. "पुढचा माणूस तूच असशील असं समजून चाल," ते म्हणायचे. इथले बाकीचे मिस्त्री टेप दातानं तोडून दाबून टाकायचे. मी मात्र चाळीस वर्षं टोक दुमडत आलो. कोणाला बॉनेटखाली तशी टेप दिसली, तर तो न विचारताच सांगायचा की हे मराठ्याच्या, म्हणजे माझ्या, गॅरेजचं काम. मला त्याचा अभिमान होता.

पलसाण्याच्या हायवेवर एका शेठचं कापड रंगवण्याचं प्रोसेस हाउस होतं. त्यांच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायच्या. त्यात एक फोर-बाय-फोर होती, चारही चाकं ओढणारी. बारडोलीच्या पुढे शेठची उसाची शेती होती. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत साधी गाडी रुतायची, म्हणून ती घेतलेली. त्या गाडीवर चालक म्हणून मी माझ्या मेहुण्याला लावलं होतं. बायकोचा धाकटा, एकुलता एक भाऊ. तिनं माझ्यामागे लागून लागून ती नोकरी मिळवून दिली होती. तो गाडी फार जपायचा. बाहेर चपला काढून आत बसायचा. बायको चेष्टा करायची, "भाऊ, देवळात बसतोस का गाडीत?"

ही तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक दिवस त्यानं गॅरेजवर येऊन तक्रार सांगितली. तास-दीड तास गाडी चालली की स्पीडचा काटा अचानक शून्यावर पडतो. फोर-बाय-फोरचा दिवा लुकलुकायला लागतो, आणि तेव्हा बटण दाबलं तर पुढची चाकं लागत नाहीत. गाडी उभी करून चहा पिऊन आलं की सगळं ठीक.

"तुला झोप लागत असेल," मी म्हणालो.

"काटा झोपतो, दाजी. मी जागाच असतो."

हसण्यावारी नेलं मी ते. गाडी त्या वेळी थंड होती, काटा नीट चालत होता. सीझनची कामं अंगावर होती. पुढच्या आठवड्यात पाहू, म्हणालो.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. गाडीच्या पोटाखाली, गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक लोखंडी डबा असतो. पुढच्या चाकांना ताकद तोच पोचवतो. त्या डब्यात अंगठ्याएवढा एक सेन्सर खोचलेला असतो. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं. चाकं फिरली की तो खबर देतो, गाडी एवढ्या वेगानं चालली आहे. काटा त्याच खबरीवर चालतो, किलोमीटरही तिच्यावरच पडतात. सेन्सर गप्प झाला तर गाडीच्या लेखी गाडी उभी असते. ती पळत असली तरी किलोमीटर पडत नाहीत.

आणि आमच्या लाइनीत प्रत्येकाला ठाऊक असलेली एक चोरी आहे. काही चालक मालकाची गाडी परस्पर भाड्यानं फिरवतात. तेव्हा खाली वाकून त्या सेन्सरचा कप्लर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा डबा, ओढून काढतात. किलोमीटर थांबतात. परत आले की जोडून देतात. मालकाला कळतं ते एकाच गोष्टीवरून: डिझेल तेवढंच संपतं आणि किलोमीटर कमी दिसतात.

शेठलाही तसंच दिसलं. बिघडलेल्या सेन्सरनं आणि चोर चालकानं दिसणारं चित्र अगदी एकच असतं. फरक ओळखायचं काम माझं होतं.

शेठ स्वतः गाडी घेऊन गॅरेजवर आले. बरोबर त्यांचा मॅनेजर, मिलचे आणखी दोन चालक. मेहुणाही होताच; पिवळं फडकं घेऊन बॉनेट पुसत होता. "मिस्त्री, आ एवरेज केम घटी गयुं?" शेठनी विचारलं. एवरेज का घटलं, ते बघा. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी खुर्ची घेतली नाही.

मी स्कॅनर लावला. त्यात चूक नोंदलेली होती: स्पीड सेन्सरची खबर अधूनमधून तुटते. मग गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलो. तारा तपासायच्या मीटरची दोन टोकं सेन्सरला लावली. आकडा बरोबर. वायर हलवून, वाकवून पाहिली. बरोबर. मग बॅटरीच्या उजेडात कप्लर पाहिला.

कप्लरला एक छोटा प्लास्टिकचा कान असतो. तो खटकन अडकला की कप्लर सुटत नाही. तो कान तुटलेला होता, आणि वरून काळी टेप गुंडाळलेली होती. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं.

मला सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वी त्याच लोखंडी डब्याचं ऑइल सील बदलताना, शेठची घाई, डबा तापलेला, हात तेलकट. कप्लर निघेना म्हणून मी स्क्रूड्रायव्हरनं रेटलं आणि कान कट्ट करून तुटला. आवाजसुद्धा आठवला. नवा कप्लर शोधायला वेळ नव्हता. टेप मारली, टोक दुमडलं, नंतर बदलू म्हणालो, आणि विसरलो.

इतकी वर्षं मी बायकोला आणि स्वतःलाही सांगत आलो, की हे मला पुष्कळ नंतर आठवलं. तसं नाही. खड्ड्यात उभा असतानाच आठवलं. मी टेपच्या त्या दुमडलेल्या टोकाला नख लावलं आणि ती सोडवली. एका अर्थी ते कामच होतं. कप्लर उघडून पाहायचा तर टेप काढावीच लागते. पण काढलेली टेप मी खाली टाकली नाही. गोळी करून खिशात घातली. ती खिशात का घातली, त्याचं मात्र उत्तर एकच आहे.

वरून शेठ वाकले. "कोईए खोल्युं छे?"

कोणी उघडलंय का? मी उघडलं होतं. तीन शब्दांचं उत्तर होतं. गॅरेजची पोरं धरून वर सात-आठ माणसं होती. मराठ्याच्या हातून वस्तू तुटत नाही, असं मीच वीस वेळा शेठना ऐकवलेलं होतं. एका प्लास्टिकच्या कानाची मला लाज वाटली. माणूस मोठ्या गोष्टीसाठी खोटं बोलला तर निदान सांगायला तरी काही राहतं. माझ्याकडे तेही नाही.

"खुला हुआ है," मी म्हणालो. "लॉक टूटा है."

शब्दन् शब्द खरा होता. त्या चालकांपैकी एक लगेच हसला. "वाह, साहबको तो मीटर बचानेका शौक है!"

मेहुण्याच्या हातातलं फडकं थांबलं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू आवाजात अहिराणीत म्हणाला, "दाजी, नीट देखा ना. मी वायरले हात बी नही लावा."

मी एक बोल्ट पिळत राहिलो. तो आधीच घट्ट होता.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी काही बोललो असतो, असं पुढे मी मनाशी म्हणत राहिलो. त्यांनी नुसता हात पुढे केला. "चावी आपी दे." मेहुण्यानं किल्ली दिली. मग आठवण होऊन डॅशबोर्डवरचा आपला कंगवा आणि पाण्याची बाटली काढून घेतली, आणि पर्वत पाटियाच्या गर्दीत चालत गेला.

संध्याकाळी तो घरी आला. बायको ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापत होती. तिला मी दुपारीच सांगितलं होतं. सांगताना 'लॉक तुटलेलं होतं' एवढंच सांगितलं. बाकीचं तिनंच जोडलं, सगळे जोडत होते तसं.

"मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता," ती तव्याकडे बघतच म्हणाली. "यांची मान खाली घातलीस."

"ताई, मी काही करं नही."

"मग लॉक कुणी तोडलं? उंदरानं?"

 तिनं आता मान वर केली. "का तुझे दाजी खोटं बोलतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. परीक्षेत शेजारच्या मुलाकडे बघावं तसं, काही आठवतंय का तुम्हाला, असं. मी पाण्याचा तांब्या उचलला.

"नही ताई," तो म्हणाला. "दाजी कसाले खोटं बोलतीन?"

आणि उठला. बायकोनं भाकरी वाढलेली होती. ती तशीच राहिली.

त्यानंतर त्याला सुरतेत कोणी गाडी दिली नाही. चालकांची दुनिया लहान असते. पुलाखाली गाड्या लावून जेवायला बसतात तिथे एका दुपारी बातमी पलसाण्यापासून उधन्यापर्यंत जाते. त्याचं नावच 'मीटर' पडलं. चार-पाच महिने फिरून तो कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला लागला. मी एकदा त्या गल्लीतून गेलो तेव्हा पाहिलं. मांडी घालून बसला होता. चपला बाहेर काढलेल्या.

इकडे त्या दिवसानंतर तीनच महिन्यांनी तीच गाडी परत आली. नवा चालक. सापुताऱ्याच्या घाटात काटा शून्यावर पडला, दिवा लुकलुकू लागला, फोर-बाय-फोर लागेना. आता मेहुणा त्या गाडीजवळही नव्हता. गाडी घाट उतरून थेट गॅरेजवर आली होती, पोट तापलेलं होतं. मी भाजत्या हातानं मीटर लावला. आमच्या साध्या मीटरवर तार तुटलेली असली की आकडा येत नाही, डाव्या कडेला नुसता एक (१) उभा राहतो, एकटाच. तो एक मला दिसला. सेन्सर काढून बाहेर आणेपर्यंत निवला, आणि आकडा पुन्हा बरोबर यायला लागला.

तेव्हा मी काय केलं, तर शेजारच्या चहावाल्याकडे गेलो आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात तो सेन्सर वायरीनं सोडला.

"काका, आ चायमां सुं नाखो छो?" तो ओरडला. चहात काय टाकताय?

"एनो ताव मापुं छुं," मी म्हणालो. याचा ताप मोजतोय.

लोक हसले. दोन मिनिटांत मीटरवर पुन्हा एकटा एक उभा राहिला. आतली केसासारखी तार कुठेतरी चिरलेली होती. तापली की फाकायची, निवली की टेकायची. मेहुण्यानं सांगितलं होतं ते अक्षरशः तसंच: तास-दीड तास चालली की पडतो, चहा पिऊन आलं की ठीक. त्या पहिल्या दिवशी त्याला शेजारी बसवून मी बारडोलीपर्यंत चक्कर मारून आलो असतो, तरी पुरे होतं.

नवा सेन्सर बसवला. नवा कप्लरही, कान असलेला. शेठना फोन केला. सेन्सर गेला होता, बदलला, म्हणालो.

शेठ हुशार माणूस. त्यांनी विचारलं, "तो पेलो ड्राइवर?"

म्हणजे तो मग निर्दोष होता का? पहिल्या वेळी मी नुसतं अर्धं बोललो होतो. या वेळी पूर्ण बोललो. "वारंवार काढ-घाल केल्यानंच तो बिघडला असेल, शेठ," मी म्हणालो.

शेठ "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. माइकवर बोलणाऱ्या माणसाला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं.

जुना सेन्सर मी फेकला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्या दिवशी खिशात घातलेली टेपची गोळीही त्यातच टाकली. का ठेवली, सांगता येत नाही. चोरही म्हणे चोरीची एखादी वस्तू ठेवतो.

बायकोनं भावाशी बोलणं टाकलं. मी काही अडवलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. भाऊबीज आली की मात्र तिला घरात बसवत नसे. आमच्यात जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. तिचा भाऊ रिक्षानं वीस मिनिटांवर डिंडोलीला राहत होता, आणि ती ताट घेऊन गच्चीवर जायची. दिवेलागणीला तिथे वारा असतो. निरांजन विझायचं. म्हणून मी काडेपेटी घेऊन तिच्या मागे उभा राहायचो. विझलं की लावून द्यायचो. अकरा वर्षं मी ते निरांजन लावून दिलं. एका वर्षी ढग होते, चंद्र दिसेना. "कुठल्या बाजूला असेल हो?" तिनं विचारलं. मी अंदाजानं बोट दाखवलं आणि ती तिकडे तोंड करून ओवाळू लागली.

तिच्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मी एकदा विचारलं, "भाऊला बोलावू का?"

तिनं छताकडे पाहिलं. "त्यानं एकदा 'चुकलं' म्हटलं असतं ना, तर मीच गेले असते," ती म्हणाली. "एवढा ताठा कशाचा त्याला?"

मी तिच्यासाठी मोसंबी सोलत होतो. सोलत राहिलो. एकेक फोड, वरचा पांढरा धागासुद्धा काढून. डॉक्टर म्हणाले होते तिच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. मी त्या वाक्याला घट्ट धरलं. ते माझ्या फार सोयीचं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं यावं लागतं. ते तिच्या अंगावर घालूनच उचलतात. माहेरचा म्हणून हा एकच उरला होता. दारात माणसं जमलेली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माहेरचं कोणी आहे का नाही?" आणि तो जिन्यावरून वर आला. हातात पिशवी. दारात थबकला आणि माझ्याकडे बघितलं. आत येऊ का, अशी नजर. मी मान हलवली. त्या दिवशी त्या दारात मी बोललो असतो, तर तिच्या कानांवर नाही, पण निदान तिच्यासमोर बोललो असतो. नाही बोललो.

त्यानं लुगडं तिच्या अंगावर घातलं. घड्या घालणारे हात त्याचे; एक सुरकुती राहू दिली नाही. मग मागे सरून माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "रंग तिला आवडला असता ना, दाजी?"

हिरवं होतं. मी हो म्हणालो.

हे दोन वर्षांपूर्वीचं. आता मी बहात्तर वर्षांचा आहे. शाल घेऊन घरी आलो त्या रात्री ती घडी करून ठेवायला कपाट उघडलं, तर घालायला जागाच सुचेना. बायकोच्या साड्यांवर ठेवायचा धीर झाला नाही. खुर्चीवर टाकली. आठ दिवस ती खुर्चीवर होती. नवव्या दिवशी दुपारी मी बिस्किटांचा डबा आणि मीटर पिशवीत घातला आणि डिंडोलीची रिक्षा पकडली.

तो एकटाच होता. मुलगा कामावर, सून भरतकामाच्या कारखान्यात. त्याचे गुडघे गेलेत, काम सुटलंय. "या दाजी. फोन करायचा ना, चहाला दूध आणून ठेवलं असतं," म्हणाला.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. खड्डा, कान, टेप, शेठचा फोन. डबा उघडून सेन्सर आणि टेपची गोळी त्याच्यासमोर ठेवली. टेप वाळून कडक झालेली, पण दुमडलेलं टोक दिसत होतं. बोलताना मला वाटलं होतं तो मारेल. मारावं असंही वाटत होतं.

त्यानं टेप उचलून पाहिली, परत ठेवली.

"मी चोर नाही, हे मला सांगायला आलात?" तो म्हणाला. "मला माहीत होतं ते."

त्यानं रिकामा डबा माझ्याकडे सरकवला.

"ताईले माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत नाही."

त्यानं तोंड फिरवलं. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्याकडे बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मले वाटे, दाजीले दिसनं नही व्हई. खड्डामा अंधार ऱ्हास."

तेरा-चौदा वर्षं त्यानं माझ्यासाठी ही सबब धरून ठेवली होती. दाजींना दिसलं नसेल; खड्ड्यात अंधार असतो. माझ्याजवळ बॅटरी होती, हे मी त्याला सांगितलं. सांगायला हवं होतं असं नाही, पण आता काही मागे ठेवायचं नव्हतं.

"मग सांगायचं तिला होतं, दाजी," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज चढला त्याचा. "मला काय सांगता? तिला सांगायचं होतं! दवाखान्यात होती, जिवंत होती, ऐकत होती!"

"हो."

"हो काय हो!"

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचून विरला. मेहुण्यानं सेन्सर हातात घेतला, उलटा-सुलटा केला. त्याची बोटं मी पाहत होतो. त्या गाडीनं त्याला सोडलं तरी गाडीची वस्तू धरायची त्याची रीत गेली नव्हती.

"तुम्ही म्हणता, हा तापला की बिघडतो."

"हो."

"दाखवा."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. त्यानंच गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी घातलं. मी सेन्सर वायरीनं आत सोडला, मीटरची टोकं लावली. आकडा बरोबर होता. दोघे म्हातारे पाण्याकडे बघत उभे राहिलो. मला भीती वाटत होती की इतक्या वर्षांनी तो बिघडायचाच नाही. मग माझ्याजवळ काहीच उरणार नव्हतं.

पाण्याला उकळी आली. आकडा थरथरला, आणि गेला. डाव्या कडेला एकटा एक.

"हे म्हणजे काय?"

"तार तुटली. आता गाडीला वाटतंय, आपण उभे आहोत."

"आणि मी पळवतोय."

"हो."

त्यानं चिमट्यानं सेन्सर बाहेर काढायला लावला. थोड्या वेळानं आकडा परत आला, जणू काही झालंच नव्हतं.

"आता कोणालाही दाखवा," तो म्हणाला, "म्हणतील, चांगला तर आहे. परत टाका आत."

मी टाकला. पुन्हा एक. मी गॅस बंद करायला हात नेला तर त्यानं माझं मनगट धरलं.

"राहू द्या. सून येते पाचला."  "तिचं लग्न ठरताना तिच्या बापाच्या कानावर कोणीतरी घातलं होतं, मुलाचा बाप किलोमीटर चोरायचा म्हणून. तिनं मला कधी विचारलं नाही. चांगली आहे. पण तिला ठाऊक आहे. तिला दाखवू."

घड्याळात सव्वाचार झाले होते.

"टेपचंही सांगाल ना तिला?"

"सांगेन."

त्यानं गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून स्टुलावर बसला. मी मीटर धरून उभा राहिलो.  पाणी खाली गेलं की तो गुडघ्यावर हात देऊन उठायचा, माठातून पेलाभर पाणी घेऊन पातेल्यात ओतायचा. उकळी जरा थांबायची, आकडा परत यायचा, आणि आम्ही दोघं तो पुन्हा जायची वाट बघायचो.